पाळ ज्याची, जबाबदारी त्याची

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या साकोली, लाखनी, लाखांदूरच्या बाजूने प्रवास केला, तर थोड्याथोड्या अंतरावर पाणी दिसते. कुठे टेकडीच्या पायथ्याशी दूरवर पसरलेला तलाव, तर कुठे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला जेमतेम एकरभराचे तळे. या लहान तळ्याला इकडे बोडी म्हणतात. बोडी बहुधा शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत असते. उताराच्या बाजूला मातीची पाळ घालायची, वरून येणारे पावसाचे पाणी अडवायचे आणि भर सप्टेंबरात पावसाने दडी मारली की त्या पाण्यावर धान तगवायचा, एवढे तिचे काम.

आता या तळ्यांना आणखी एक उपयोग मिळू लागला आहे. नागपूरसारखे शहर जवळ, उमरेड-कऱ्हांडला, कोका, नवेगाव-नागझिरा ही जंगले हाताशी, आणि 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. स्वतःच्या शेतात तळे असणाऱ्याला तिथे दोन खोल्या बांधाव्यात, एखादी नाव ठेवावी, गळ टाकून बसायला आणि पक्षी पाहायला लोकांना बोलवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पाण्याकाठचा निवांतपणा ही खरी गरज आहे आणि त्यातून शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येत असतील तर ते चांगलेच. पण ज्या पाळीवर खुर्च्या मांडायच्या, ती पाळ म्हणजे मातीचे धरण आहे. धानासाठी अडवलेले पाणी आणि हौसेसाठी अडवलेले पाणी पाळीला सारख्याच जोराने रेटते. म्हणून पाळ कशी टिकते, कशी फुटते आणि तिची राखण कोणी करायची, हे तिच्या मालकाला आधी कळायला हवे.

मालगुजारांची पाळ

खाजगी मालकीची मातीची धरणे भंडाऱ्याला नवी नाहीत. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरात ते माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदले आहेत आणि लोक त्यांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. त्यांतले पुष्कळसे गोंड राजांच्या काळातले. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन सवलतीने मिळावी, हे त्या राजवटीचे धोरण होते. या कामात कोहळी समाजाने नाव काढले. ऊस आणि धान पिकवणाऱ्या या समाजाला उतार वाचण्याचे आणि पाणी अडवण्याचे विलक्षण ज्ञान होते. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटलाने बांधला असे मानतात. कोलासूर देव म्हणून त्याची तिथे पूजा होते. तलावाभोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि मजूर घरी गेल्यावर रात्री या बहिणी येऊन पाळीवर माती टाकत, अशी कथा सांगतात. हा तलाव 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तो तिकडे गेला.

इंग्रजांच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांचे झाले. मालकी आली तशी जबाबदारीही आली. मालगुजाराची स्वतःची सर्वांत चांगली जमीन त्याच तलावाखाली असे, त्यामुळे पाळ फुटली तर पहिला घाव त्याच्यावरच बसे. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकणे, पाट साफ करणे, पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल ते ठरवणे, ही कामे मालगुजाराच्या देखरेखीखाली रयतेच्या श्रमाने होत. त्या व्यवस्थेत वेठ होती, अन्याय होता, हे विसरता कामा नये. पण पाळीकडे रोज पाहणारी नजर त्या व्यवस्थेत होती, हेही खरे.

स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला हा भाग मध्य प्रदेशात होता. मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून गावचे तलाव सरकारजमा झाले. पुढे राज्ये बदलली, लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आले. शेतकऱ्यांच्या कब्जातल्या जमिनीतली छोटी तळी मात्र त्यांच्याकडेच राहिली. आजची खाजगी बोडी ही त्याच परंपरेतली. तिच्यावर सरकारी अभियंता येत नाही, तिचा चौकीदार नसतो. जे काही पाहायचे ते मालकानेच.

माती पाणी कशी धरते

एक हेक्टरचे, सरासरी दोन मीटर खोलीचे तळे घ्या. त्यात 20 हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी मावते. त्याचे वजन 20 हजार टन. बोडीला आपण लहान म्हणतो, पण एवढे पाणी एकदम सुटले तर खालच्या बांध्या, रस्ता आणि वाटेतली घरे यांना ते लहान राहत नाही.

हे पाणी माती अडवते ती स्वतःच्या वजनाने आणि चिकटपणाने. चांगल्या पाळीचा छेद घेतला तर तो पसरट दिसतो. पाण्याच्या बाजूला एक मीटर उंचीला अडीच-तीन मीटरचा उतार, मागच्या बाजूला दोनचा, आणि माथा निदान बैलगाडी जाईल इतका रुंद. भंडाऱ्याचा शेतकरी मातीला कन्हार, मोरंड, खरडी, सिहार अशा नावांनी ओळखतो. कन्हार काळी आणि चिकण असते, पाणी उत्तम धरते, पण वाळली की भेगाळते. सिहार वालुकामय, तिच्यातून पाणी झिरपते. म्हणून पाळीच्या पोटात चिकणमाती आणि अंगावर मुरमाड माती अशी रचना करतात. पाळीखाली चर खणून तोही चिकणमातीने भरतात, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. माती वीतभर जाडीच्या थरांनी, ओलसर ठेवून, प्रत्येक थर नीट दाबून घालावी लागते. जेसीबीने एका दिवसात ढीग लोटून केलेली पाळ बाहेरून तशीच दिसते, पण आत पोकळ्या राहतात. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती बसते आणि माथ्यावर मधोमध खोलगट भाग तयार होतो.

मातीचे कोणतेही धरण पूर्ण कोरडे नसते. पाणी पाळीच्या आतून संथपणे झिरपत असते आणि मागच्या पायथ्याशी थोडी ओल दिसते. ती ओल स्वच्छ, थोडी आणि वर्षानुवर्षे तेवढीच असेल तर चिंता नाही. ती वाढली किंवा गढूळ झाली, तर पाण्याबरोबर पाळीची माती बाहेर येत आहे असे समजावे. पाळ पाहणाऱ्याला एवढा फरक ओळखता आला तरी अर्धे काम झाले.

पाळ फुटण्याच्या तीन वाटा

पहिली वाट माथ्यावरून. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की ते मागचा उतार खरवडत जाते आणि पाहता पाहता भगदाड पडते. ते होऊ नये म्हणून सांडवा असतो. सांडव्याची गरज किती, याचा हिशेब कोणालाही करता येईल. समजा, वर उल्लेखलेल्या तळ्यात 100 हेक्टर माळरानाचे पाणी येते. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, जो पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत अजिबात दुर्मीळ नाही, आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर 50 हजार घनमीटर पाणी तळ्याकडे येईल. तळ्याची सगळी क्षमता 20 हजार. तळे आधीच भरलेले असेल, तर सगळेच पाणी सांडव्यावरून जायला हवे. हा पाऊस सहा तासांत कोसळला तर सेकंदाला सरासरी सव्वादोन घनमीटर पाणी आणि जोराच्या वेळी त्याच्या दुप्पट येऊ शकते. सांडव्यावरून पाण्याचा फूटभर थर वाहत असेल, तर दर मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण पाव घनमीटर पाणी जाते. म्हणजे एवढ्या तळ्याला 16 ते 20 मीटर रुंद सांडवा हवा. किती बोड्यांना तो आहे? पुष्कळ ठिकाणी पाळीच्या कडेला दोन हात रुंदीची खाच आणि तिच्यात एखादा सिमेंटचा पाइप एवढेच असते.

दुसरी वाट आतून. खेकडे, उंदीर, घुशी पाळ पोखरतात. पाळीवर वाढलेले झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. जुन्या तलावांतून पाणी सोडण्यासाठी तुडुम असे, आज बहुतेक ठिकाणी पाइप असतो. पाइपाच्या बाहेरून, माती आणि पाइप यांच्या फटीतून पाणी वाट काढते, कारण तिथे माती दाबणे अवघड असते. एकदा अशी वाट सापडली की पाणी मातीचा कण कण नेते आणि पोकळी मागून पुढे, पाण्याच्या दिशेने सरकत जाते. वरून पाळ धडधाकट दिसत असतानाच ती आत रिकामी होत असते.

तिसरी वाट घसरण्याची. उन्हाळ्यात मासे काढण्यासाठी पंप लावून दोन दिवसांत तळे उपसले, तर पाळीच्या आतली माती ओली आणि जड असते, पण तिला बाहेरून आधार देणारे पाणी गेलेले असते. मग आतला उतार ढासळतो. तळे रिकामे करायचेच तर हळूहळू करावे. गाळ काढतानाही असाच धोका असतो. 2017 पासून गाळमुक्त धरणाच्या योजनेत अनेक तळी खोल झाली, हे उपयोगीच. पण तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकण थर म्हणजेच तळ्याचे अस्तर. पोकलेनने पाळीच्या पायथ्यापर्यंत खोदून तो फोडला, तर तळे खोल होते आणि पाणी मात्र टिकत नाही. पाळीपासून काही मीटर पट्टा तसाच सोडणे हा साधा आणि पक्का नियम आहे.

हौसेच्या तळ्याचा सर्वांत मोठा धडा

खाजगी मालकीच्या, करमणुकीसाठी वापरलेल्या मातीच्या धरणाची जगातली सर्वांत भयंकर गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात घडली. साउथ फोर्क नावाचे हे 72 फूट उंच धरण मुळात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी सरकारने बांधले होते. रेल्वे आल्यावर कालवा निरुपयोगी झाला, धरण विकले गेले. मधल्या एका मालकाने तळाचे पाच लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. त्यामुळे पाण्याची पातळी मुद्दाम खाली आणण्याची सोयच उरली नाही. 1879 मध्ये धनिकांच्या मासेमारी व शिकारीच्या एका क्लबने ते घेतले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक त्याचे सभासद होते. शिडाच्या होड्या, मासेमारी आणि काठावर बंगले असा तिथला उन्हाळा असे.

क्लबने धरणाची डागडुजी केली, पण ती तळ्याचा आनंद वाढवण्यासाठी. घोडागाड्या ये-जा करता याव्यात म्हणून माथा रुंद हवा होता, त्यासाठी धरणाची उंची कमी केली. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसवली. धरणाला पूर्वी पडलेले भगदाड माती, गवत आणि शेण भरून बुजवले. खालच्या जॉन्सटाउन गावातल्या पोलाद कंपनीने 1880 मध्ये आपला अभियंता पाठवला. पाणी सोडायला पाइप नाही आणि दुरुस्ती नीट नाही, असे त्याने लेखी कळवले. कंपनीने खर्चाचा वाटा उचलण्याची तयारीही दाखवली. धोका नाही, असे क्लबचे उत्तर आले.

31 मे 1889 रोजी प्रचंड पाऊस झाला. ओंडके आणि पाला येऊन जाळी तुंबली, सांडवा निकामी झाला, पाणी मधल्या खोलगट माथ्यावरून वाहू लागले आणि दुपारी तीननंतर धरण गेले. तासाभरात लाट सुमारे 22 किलोमीटरवरच्या जॉन्सटाउनवर आदळली. 2,209 माणसे मेली. न्यायालयात क्लबकडून कोणाला काही वसूल करता आले नाही.

हे धरण आपल्या बोडीपेक्षा कितीतरी मोठे होते. पण त्यात झालेली प्रत्येक चूक बोडीवर रोज होऊ शकते. रोहू-कटला वाहून जाऊ नयेत म्हणून पावसाळ्यात सांडव्याला बारीक जाळे बांधणे, पाळीवरून मोटार नेता यावी म्हणून माथा खरवडून सपाट करणे, पाणी जास्त दिसावे म्हणून सांडव्यावर पोती किंवा फळ्या लावणे, हे सगळे हौसेपोटीच होते.

महाराष्ट्रालाही असा घाव बसला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली घरे वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे दगावली. हे धरण सरकारी होते. गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी पोखरल्याचे कारण पुढे आले आणि त्यावर लोक संतापले. तो संताप योग्य होता. खेकडे माती पोखरतात, ते पाळ बांधणाऱ्याला ठाऊक असते. बिळे शोधून ती चिकणमातीने ठासून भरणे हे देखभालीचेच काम आहे.

कायदा कुठे थांबतो

तिवऱ्यानंतर दोन वर्षांनी, 2021 मध्ये, देशात धरण सुरक्षा कायदा झाला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीचे धरणही त्यात येते, पण त्याची लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर असावा, अशा काही अटींपैकी एक पूर्ण व्हावी लागते. तीन-चार मीटर उंचीची बोडी या कायद्यापासून फार दूर आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतूनही सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. लहान तळ्यांवर तपासनीस नेमणे सरकारला शक्य नाही, हे समजू शकते. पण याचा अर्थ मालक मोकळा झाला असा नाही.

इंग्लंडमध्ये 1860 साली एका गिरणीमालकाने आपल्या गिरणीसाठी पाणीसाठा बांधला. खाली जुन्या खाणीचे बुजलेले बोगदे होते, पाणी त्यातून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. गिरणीमालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता. तरीही, स्वतःच्या फायद्यासाठी निसटल्यास नुकसान करील अशी गोष्ट जमिनीत साठवणाऱ्याने तिच्या निसटण्याचीही जोखीम घ्यावी, असा निकाल 1868 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने दिला. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने हा निकाल भारतातही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. अडवलेल्या पाण्याचा न्याय याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

तळे जपून त्याचा आनंद

मग बोडीवर पाहुणे बोलवू नयेत का? जरूर बोलवावेत. करमणुकीचा एक मोठा फायदा आहे: तळ्यावर पुन्हा माणसाची रोजची नजर पडते. मालगुजारी गेल्यानंतर नेमकी तीच हरवली होती. या नजरेला वर्षभराच्या कामाची जोड द्यायला हवी.

मे महिन्यात, पाणी कमी असताना पाळीवरून दोन्ही बाजूंनी चालावे. बिळे, भेगा, खोलगट जागा शोधून माथा एका पातळीत आणावा. पाळीवर उगवलेली बाभळीची आणि बेशरमाची रोपे उपटावीत. जुनी मोठी झाडे मात्र एकदम तोडू नयेत, कारण मेलेल्या मुळांच्या पोकळ्या झाडापेक्षा घातक ठरतात. उतारावर हरळी किंवा वाळा लावावा, त्यांची मुळे माती बांधून ठेवतात. सांडवा मोकळा करावा आणि भरल्या पाण्याच्या पातळीपासून माथा निदान मीटरभर उंच राहील याची खात्री करावी. रोवणीच्या दिवसांत, मोठ्या पावसानंतर, मागच्या पायथ्याशी जाऊन ओल पाहावी. पाणी गढूळ येत असेल तर वाट न पाहता पातळी उतरवावी आणि खालच्या घरांना कळवावे. ज्याच्या पाळीखाली वस्ती किंवा रस्ता आहे, त्याने एकदा तरी जाणत्या अभियंत्याकडून पाळ आणि सांडवा तपासून घ्यावा. पाहुण्यांच्या एका हंगामाच्या कमाईपुढे तो खर्च मोठा नाही.

पाण्यात उतरणाऱ्यांची काळजी वेगळी. खोदलेल्या बोडीचे काठ उभे असतात आणि तळाशी गाळ खोल असतो. पोहता येणाऱ्याचाही पाय त्यात रुततो, पाणवनस्पती पायाला अडकतात. म्हणून उतरायला एकच पायऱ्यांची जागा ठेवावी, खोलीच्या खुणा लावाव्यात, नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट द्यावे, दोर आणि हवा भरलेली ट्यूब काठावर टांगलेली असावी. पावसाळ्यात वाहत्या सांडव्यावर कोणालाही उभे राहू देऊ नये. फोटोसाठी लोक तिथेच जातात.

आणि तळे सजवताना त्याचे तळेपण मारू नये. चारही बाजूंनी सिमेंट करून, पाणवनस्पती उपटून केलेल्या हौदावर पक्षी येत नाहीत. कमळ, शिंगाडा, हायड्रिला आणि उथळ काठावरचे गवत यांच्यामुळे मासे वाढतात, बदके आणि करकोचे उतरतात. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते, हे ज्ञान मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच ज्ञानाच्या आधारे मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन काही जुन्या तलावांतले बेशरम काढले आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तळ्यावर पर्यटन करू पाहणाऱ्याने गावातल्या ढिवर मच्छीमारालाच नावाडी, वाटाड्या आणि सल्लागार नेमावे. पाहुण्याला तळे खऱ्या अर्थाने दिसेल ते त्याच्याच डोळ्यांनी.

गोंड राजाने तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली, तेव्हा त्या देण्यात पाळ राखण्याचे बंधन गृहीत होते. आज बोडी घेणाऱ्याला सातबारा मिळतो, पण हे बंधन कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते आपल्याआपण पाळायचे असते, आणि त्याची सुरुवात फार सोपी आहे. तळ्याकाठी पहिली खुर्ची मांडण्याआधी मालकाने पाळीच्या मागच्या बाजूला उतरावे, पाणी सुटले तर ते कोणाच्या बांधीतून आणि कोणाच्या अंगणातून जाईल ते चालत जाऊन पाहावे, आणि त्या प्रत्येक घरी आपला फोन नंबर देऊन यावा.